मारणारा दाखला मागत नाही

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. त्या बाजारात पाच परके पुरुष आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगणारा हा समाज. पालं ठोकायची, आसपासची गावं मागायची आणि पुढं सरकायचं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज घरोघरच्या मोबाइलवर येत होते. पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. लोक धावून आले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथंच मारून टाकलं.

खुनाचा खटला उभा राहिला. पुढं धुळ्याच्या न्यायालयात जन्मठेपेच्या शिक्षाही झाल्या. तरी ही माणसं कशामुळे मेली, या प्रश्नावर आपण सगळे 'अफवेमुळे' असं म्हणून थांबलो. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आठवडी बाजारात परगावची माणसं येतातच. भांडीवाला येतो, कापडवाला येतो, मसालेवाला येतो. त्यांच्यावर कुणी धावून जात नाही. अफवा कुणाच्या अंगावर जाऊन बसायची, हे अफवा सुटण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. मळकी भगवी वस्त्रं, खांद्याला झोळी, बोली वेगळी, गावात ओळख सांगणारं कुणी नाही, असा माणूस 'चोरच असणार' हे शेकडो वर्षं मनात मुरलेलं आहे. मोबाइलने फक्त काडी ओढली.

हे पुस्तक द्वेषातून घडणाऱ्या गुन्ह्यांच्या कायद्याबद्दल आहे, आणि त्यातही एका अवघड प्रश्नाबद्दल: असा कायदा कुणाकुणाला संरक्षण देणार? यादीत कुणाचं नाव लिहायचं, कुणाचं नाही, आणि ते ठरवायचं कशावरून? संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी आधी नको म्हटलं होतं. मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात उभी राहणारी वकील, तत्त्वचर्चा माझ्या हातची नव्हे. पण मग एक जुनी फाइल आठवली, आणि तिच्यासाठी तरी लिहावं असं वाटलं.

मराठवाड्यातल्या एका गावाबाहेर, २०११ च्या उन्हाळ्यात, एका कैकाडी कुटुंबाची झोपडी पेटवली गेली. निरगुडीच्या फोकांच्या आणि तुराट्यांच्या टोपल्या, डाली, कणग्या विणणारं कुटुंब. हंगामाआधी विणून रचून ठेवलेला सगळा माल गेला. नवऱ्याचं डोकं फुटलं होतं, म्हणून फिर्याद द्यायला बाई गेली. तिच्याबरोबर मी गेले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र आणि मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला, एवढे कागद तिने जळत्या झोपडीतून बाहेर काढले होते. मुलाच्या दाखल्याचा एक कोपरा करपलेला होता.

ठाणे अंमलदाराने विचारलं, जात कोणती. ती म्हणाली, कैकाडी. त्याने आत जाऊन कुणालातरी विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "ॲट्रॉसिटी बसत नाही. विमुक्त जातीत येतात हे."

कायद्याने तो चुकीचं बोलत नव्हता. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी आहेत, पण फक्त विदर्भात: अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर. उरलेल्या महाराष्ट्रात तेच कैकाडी विमुक्त जातीत मोडतात. या बाईचं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं. तिच्या भावाच्या दाखल्यावर अनुसूचित जाती, नवऱ्याच्या दाखल्यावर विमुक्त जाती. मधे जिल्ह्याची हद्द. एसटीने तासाभराचा रस्ता. भावाची झोपडी त्याच्या गावात पेटवली असती, तर ॲट्रॉसिटीच्या कायद्यात राहतं घर जाळण्याला जन्मठेप आहे. तपास डीवायएसपीच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने केला असता. आरोपींना अटकपूर्व जामीन मागता आला नसता. सरकारी अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता मिळाला असता. हिच्या वाट्याला आली तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं: ३२३, ५०४, ५०६ आणि आगीचं ४३५. झोपडी म्हणजे 'इमारत' नव्हे, असंही कुणीतरी म्हणालं. म्हणून घर जाळण्याचं ४३६ सुद्धा नाही.

पेटवणाऱ्यांनी तिला दाखला मागितला नव्हता. ते ओरडत होते ती तिच्या जातीच्या नावाने. या एका विसंगतीवर मी गेली कित्येक वर्षं अडून बसले आहे, आणि या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच: द्वेष करणाऱ्याच्या डोक्यात एक यादी असते, सरकारच्या दप्तरात दुसरी. संरक्षण कुणाला द्यायचं हे ठरवताना आपण दप्तरातली यादी आधी उघडतो. उघडायला हवी ती पहिली.

आता कायद्याकडे येते. 'द्वेषगुन्हा' हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. तिथं १९६८ च्या संघीय कायद्यापासून ही परंपरा चालू आहे. पण ती गोष्ट, तिला हे नाव न देता, आपल्याकडेही होती. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९, ज्याला सगळा महाराष्ट्र 'ॲट्रॉसिटी' म्हणतो, तो माझ्या मते जगातल्या सगळ्यांत धीट द्वेषगुन्हा-कायद्यांपैकी एक आहे. धीट अशासाठी, की तो समतोल असल्याचा आव आणत नाही. अमुक समाजांवर शतकानुशतकं अत्याचार होत आले, ते इतरांनी केले, म्हणून या समाजांच्या बाजूने आणि त्या इतरांविरुद्धच हा कायदा चालेल, असं तो उघड सांगतो. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही चौथ्या कलमात शिक्षा आहे. हा कायदा रस्त्यावरच्या गुंडाइतकाच ठाण्यातल्या खुर्चीकडेही बघतो, आणि ज्याने कुणी ग्रामीण ठाण्यात फिर्याद दिली आहे त्याला हे किती महत्त्वाचं आहे ते कळेल.

पण याच कायद्याला खैरलांजीत काय झालं? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, अशा चौघांना जमावाने मारलं. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, आणि त्याच निकालात ॲट्रॉसिटी लागू होत नाही असं म्हटलं. हेतू सुडाचा होता, जातीचा नव्हे, असं कारण. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली, पण जातीच्या मुद्द्यावर सत्र न्यायालयाशी सहमत राहिलं. ज्यांना शिक्षा कडक हवी होती त्यांचं लक्ष फाशीकडे होतं. मला तो दुसरा भाग जास्त लागला. एका दलित बाईने गावातल्या लोकांविरुद्ध साक्ष देण्याची हिंमत केली म्हणून आलेला राग आणि जात या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढणार? साक्ष सवर्ण शेजाऱ्याने दिली असती, तर त्याचं सगळं कुटुंब संपवायला गाव बाहेर पडलं असतं का?

त्या वेळच्या कायद्यात शब्द असे होते, की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' घडलेला असावा. या दोन शब्दांनी किती खटले खाल्ले, हे आम्ही वकील जाणतो. आरोपीच्या मनात शिरून फक्त जातीचं कारण वेगळं काढून दाखवायचं, आणि तेही अशा साक्षीदारांकरवी, जे अर्ध्या खटल्यात फितूर होतात. २०१५ ची दुरुस्ती आली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, आणि गंभीर गुन्ह्यांच्या त्या पोटकलमात 'या कारणावरून'च्या जागी 'हे ठाऊक असताना' असे शब्द आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असं न्यायालय गृहीत धरील, हेही त्याच दुरुस्तीत आलं. गावात कुणाला कुणाची जात ठाऊक नसते? एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला जवळपास २६ वर्षं लागली.

दुसरी एक केस या पुस्तकात सविस्तर आहे; ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तरी चुकवू नये. आंध्र प्रदेशातली अनुसूचित जातीची एक अंध तरुणी बलात्काराची बळी ठरली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निकाल दिला. ती स्त्री आहे, अंध आहे आणि दलित आहे. या तीन गोष्टी सुट्या करून यातल्या कोणत्या एकीमुळे अत्याचार झाला असं विचारणंच चूक आहे, आणि 'या कारणावरून'चा अर्थ 'केवळ याच कारणावरून' असा होत नाही, असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्यात स्वच्छ मांडलं. तरीही त्या खटल्यातला पुरावा अपुरा ठरला आणि ॲट्रॉसिटीखालची शिक्षा टिकली नाही. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. तत्त्व जिंकलं, कलम हरलं.

आता यादी. ती कशी घडली याकडे पाहिलं की तिच्याविषयीचा भाबडेपणा जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्म घेतला आणि केंद्राच्या यादीत ते सगळे एका दिवसात परके झाले. ते परत आत आले १९९० मध्ये. ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला ३० जानेवारी १९९० ला. बौद्धांचा समावेश करणारी दुरुस्ती त्यानंतर काही महिन्यांनी झाली. ज्या समाजाने अत्याचारांविरुद्धची लढाई सगळ्यांत पुढं राहून लढली, त्याला त्या लढाईतून आलेल्या कायद्याच्या उंबऱ्यावर, थोडा काळ का होईना, उभं राहावं लागलं.

दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात ज्यांच्या पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या घरांना गाव आजही कोणत्या नावाने ओळखतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. शिवी देणारा आधी चर्चचं रजिस्टर बघत नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला तो याच प्रश्नासाठी. तो आरक्षणाच्या अंगाने चर्चिला जातो आणि तिथंच अडकतो. माझं म्हणणं असं, की आरक्षणाचा वाद आरक्षणाच्या जागी चालू द्या. अत्याचारापासून संरक्षणाला त्या दाव्याशी कशाला बांधायचं? नोकरीतली जागा मोजकी असते, तिथं एकाला आत घेतलं की दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं. संरक्षण असं वाटून संपत नाही. एका दलित ख्रिस्ती बाईला ॲट्रॉसिटीचं कलम मिळाल्याने एका बौद्ध बाईचं कलम हलकं होत नाही. यादी एकच ठेवून आपण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली, आणि ती सोडवायची कुणाला घाई नाही.

विमुक्त आणि भटक्यांचं तर याहून वाईट. १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात सेटलमेंट वसवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांतला शेवटचा कायदा गेला. मागे सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले, आणि राहिली ठाण्याची सवय: चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या यांची नावं संशयितांच्या वहीत लिहिली, त्याच हातांनी आता यांची फिर्याद लिहायची आहे. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले. ॲट्रॉसिटीच्या कायद्यासारखं संरक्षण या समाजांना मिळावं, ही शिफारस इदाते आयोगाच्या अहवालात आहे. अहवाल कपाटात आहे. उद्या यादी वाढवायची ठरली तर पहिलं नाव कुणाचं, असं मला कुणी विचारलं तर मी एक क्षणही न थांबता यांचं सांगेन.

धर्माबद्दल लिहिताना हात जड होतो. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला एका तरुण मुस्लिम संगणक अभियंत्याला जमावाने मारलं. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून शहर पेटलं होतं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघा आरोपींना जामीन दिला. मयताचा दोष एवढाच की तो वेगळ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने विचारात घेतली, अशा अर्थाची नोंद त्या आदेशात होती. वैयक्तिक वैर नव्हतं, धर्माच्या नावाने भडकले होते, म्हणून सौम्य. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि न्यायालयांना अशा शेऱ्यांबद्दल खडसावलं. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी सुटले. मी त्या जामिनाच्या आदेशाकडे पुन्हा पुन्हा जाते. द्वेषगुन्ह्याचा कायदा म्हणतो, की ओळखीवरून मारणं हा गुन्हा जास्त गंभीर आहे, कारण मार एकाला बसतो आणि जरब त्याच्यासारख्या हजारोंना. तो कायदा नसेल, तर शहाणीसुरती माणसंही अगदी उलट दिशेने कशी जाऊ शकतात, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मग नवी भारतीय न्याय संहिता आली. तिचं १०३ वं कलम, दुसरं पोटकलम: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच अन्य कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. झुंडबळीला स्वतंत्र गुन्हा म्हणून जागा मिळाली. लागू झालं १ जुलै २०२४ ला. राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली होती.

ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा वरून सुरुवात केली, कारण मला वाटलं एक शब्द नजरेतून सुटला. 'धर्म' त्यात नाही. याच संहितेचं १९६ वं कलम, समाजासमाजांत तेढ पसरवण्याचं, सुरूच 'धर्म' या शब्दापासून होतं. लिहिणाऱ्यांना शब्द माहीत होता. 'समुदाय', 'वैयक्तिक श्रद्धा', 'अशाच अन्य कारणावरून' यांत धर्म येतोच, असा युक्तिवाद करता येईल आणि आम्ही तो करू. पण जो शब्द उघड लिहायचा तो शोधून काढायला लावणं म्हणजे प्रत्येक खटल्यात पीडिताच्या घरच्यांवर एक जादा ओझं. शिवाय पाच जणांची अट. चौघांनी मारलं तर? रस्त्यावर एकट्याने गाठून मारलं तर?

या कलमाची जमेची बाजूही मांडली पाहिजे. ते माणसांची यादी करत नाही, कारणांची करते. ॲट्रॉसिटी विचारते, 'मार खाणारा कोण?' हे कलम विचारतं, 'मारलं कशावरून?' या पद्धतीत विदर्भ आणि मराठवाडा यांच्यात हद्द उरत नाही. बळी जाणाऱ्यांची जागा कायम नसते, हेही ती ओळखते. राईनपाडा हे आदिवासींचं गाव. एरवी ॲट्रॉसिटीने ज्यांना संरक्षण दिलं त्यांतलं. आपण मराठी माणसंही स्वतःला तपासून घेऊ. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं मुंबई-ठाण्याच्या परीक्षा केंद्रांवर आणि स्टेशनांवर मार खात होती. 'जन्मस्थान' आणि 'भाषा' हे शब्द कलमात आहेत ते अशा वेळेसाठी, आणि त्या वेळी मारणारे मराठी बोलत होते. मराठीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहून ठेवते.

परदेशी गेलेल्या मराठी घरांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत, भारतीयांना हुसकावून लावण्याची भाषा करणारी एक टोळी निघाली; तिने आपलं नाव बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून घेतलं होतं. शेजारच्या होबोकनमध्ये त्या वर्षी टोळक्याच्या मारहाणीत जो भारतीय तरुण मेला तो पारशी होता. २००१ च्या सप्टेंबरमध्ये ॲरिझोनात पगडीवरून अरब समजून मारला गेलेला माणूस शीख होता. २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथ गावात हैदराबादच्या अभियंत्याला गोळी घालणाऱ्याला तो आणि त्याच्याबरोबरचा मित्र इराणी वाटले होते. अमेरिकेच्या कायद्यात म्हणूनच 'खरी किंवा समजलेली' ओळख असे शब्द आहेत. माणूस प्रत्यक्षात कोण होता हे गौण. मारणाऱ्याने त्याला कोण समजून मारलं हे मुख्य. आपल्याकडच्या कुठल्याही नव्या कायद्यात मला हे दोन शब्द हवे आहेत. ते आले, की दाखल्याचा जाच निम्मा संपतो.

मग यादी कुठं थांबवायची? इंग्लंडमध्ये २००७ साली लँकेशायरमधल्या एका बागेत काळे कपडे आणि वेगळी केशरचना करणाऱ्या, 'गॉथ' म्हणवणाऱ्या एका जोडप्याला पोरांनी तुडवलं, मुलगी मेली. पुढं २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा गटांवरचे हल्ले द्वेषगुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. त्या मुलीच्या आईचं दुःख मला समजतं आणि नोंद करण्याला माझा विरोध नाही. उलट टोकाला अमेरिकेतलं लुइझियाना राज्य: २०१६ मध्ये तिथं द्वेषगुन्ह्याच्या यादीत पोलीस घातले गेले. हे मला मान्य नाही. पोलिसावर हल्ला हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी सगळीकडे वेगळी कलमं आहेत. पण गणवेश घरी जाऊन खुंटीला टांगता येतो. आणि राज्याची सगळी ताकद ज्याच्या पाठीशी आहे, त्याला 'राज्यही ज्याचं ऐकत नाही' अशांच्या रांगेत उभं केलं, की ती रांग निरर्थक होते.

माझी कसोटी एवढीच आहे. ती ओळख अंगावरून उतरवता येत नाही, किंवा उतरवायला सांगणंच अन्याय आहे, असं आहे का? एकाला मारलं की त्याच्यासारखे बाकीचे बाजाराला जायचे थांबतात का? आणि तो ठाण्यात गेला तर त्याचं ऐकलं न जाण्याचा इतिहास आहे का? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चर्चासत्रांत तोच सगळ्यांत कमी ऐकू येतो. या कसोटीवर अपंग बसतात. २०१६ च्या त्यांच्या कायद्यात ९२ वं कलम अत्याचारांचंच आहे, पण ते लावलेली फिर्याद मी माझ्या सगळ्या वकिलीत एकदाच पाहिली. तृतीयपंथी तर बसतातच. त्यांच्यासाठी २०१९ चा कायदा आहे, आणि त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. जास्तीत जास्त दोन वर्षं! यादीत नाव आलं म्हणजे संरक्षण मिळालं असं नव्हे, याला दुसरा पुरावा नको.

सगळ्यांचा जीव सारखा, मग काहींसाठी वेगळा कायदा कशाला, हा प्रश्न महाराष्ट्राने रस्त्यावर विचारलेला आहे. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते. लाखोंचे मोर्चे निघाले, आणि त्या मोर्च्यांच्या मागण्यांत ॲट्रॉसिटीत बदल ही एक होती. त्या मुलीसाठी निघालेल्या माणसांच्या वेदनेविषयी मला शंका नाही. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये, दीड वर्षाच्या आत, सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली, सर्वसाधारण कायद्याखाली. पोलीस हलले, सरकार हललं, विशेष वकील नेमला गेला. असंच हलायला हवं. प्रत्येक मुलीसाठी व्यवस्था अशी आपोआप हलत असती, तर ॲट्रॉसिटीची गरज राहिली नसती. ज्यांच्यासाठी ती हलत नाही, त्यांच्यासाठी तो कायदा आहे.

पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या लेखकांनी एकेका गटाचा विचार केला आहे. काहींशी माझं पटत नाही. एका लेखकाला ॲट्रॉसिटी आणि बाकी सगळं मिळून एकच सर्वसमावेशक कायदा हवा आहे. मला भीती वाटते, की त्या मोठ्या पिशवीत ॲट्रॉसिटीचे दात हरवतील. चौथं कलम, तपासाच्या अधिकाऱ्याचा हुद्दा, साक्षीदारांचे हक्क, हे सगळं एकेक करून लढून मिळवलेलं आहे. ते जसंच्या तसं ठेवावं, भटक्या-विमुक्तांना त्यात घ्यावं, आणि शेजारी कारणांवर आधारलेला दुसरा कायदा उभारावा, असं माझं मत आहे. वाचकाने दोन्ही बाजू वाचून ठरवावं.

त्या कैकाडी बाईच्या खटल्याचं सांगायचं राहिलं. तिची साक्ष पाच वर्षांनी झाली. मी सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर बसले होते. तिने सगळं नीट सांगितलं: वेळ, माणसं, रॉकेलचा डबा, आणि आग लावताना ते तिच्या जातीचं नाव घेऊन काय ओरडले ते. आरोपीचे वकील उठले आणि त्यांनी फिर्याद तिच्यापुढं धरली. हे जातीचं ओरडणं फिर्यादीत का लिहिलेलं नाही? ती म्हणाली, मी सांगितलं होतं. आणि ते खरं होतं. मी शेजारीच उभी होते. ठाण्यातल्या लेखनिकाने लिहिता लिहिता हात थांबवला होता आणि म्हणाला होता, "ॲट्रॉसिटी बसतच नाही तर ते कशाला लिहायचं?" तेव्हा मीही गप्प राहिले होते.

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, तो शब्द साक्षीदाराने पहिल्यांदाच आज सांगितला, अशी नोंद घ्या.